रोजचीभरती.भारत

९ मार्च २०२५, रविवार

दादाला जाऊन आज पस्तीस दिवस झाले.

सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. नाव धनेश. पनवेलला शड्डू करिअर अकॅडमी चालवतात. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक भरती, सगळ्याची तयारी करून घेतात. आधी त्यांनी दादाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, त्यांच्या वेबसाइटच्या नावाची मुदत दहा मेला संपते. तुम्ही नाव सोडणार असाल तर सांगा. सोडणार नसाल तरी सांगा."

नावाला मुदत असते हेच मला माहीत नव्हतं. विचार करून सांगते म्हटलं. माझा नंबर कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाले वेबसाइटवरच आहे. पाहिलं, तर खरंच आहे. वर दादाचा नंबर आणि खाली, 'मी फोन उचलला नाही तर बहिणीला विचारा.' मला न विचारता घातलेला.

ही वही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. मी तिथून निवृत्त झाले तेव्हा कोरी होती म्हणून आणली. पानावर चार रकाने छापलेले आहेत: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी रकाने सोडून आडवं लिहिणार. अनुमान माझ्याकडे नाही.

१० मार्च

वेबसाइटबद्दल नीट लिहून ठेवते, म्हणजे मलाच कळेल.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ कमळाकर, पेणजवळच्या गडब गावात एकटा राहायचा. लग्न केलं नाही. मिठागरावर मुकादम होता. मिठागर बंद पडलं तरी खाडीच्या बांधावर जायचं त्याने सोडलं नाही. साठाव्या वर्षी पेणला कॉम्प्युटर क्लास लावला आणि वेबसाइट केली. मराठी अक्षरांत नाव घेता येतं हे कळल्यावर तो दोन दिवस खूश होता. नाव घेतलं रोजचीभरती. रोज बांधावर उभं राहून पाहिलेली भरतीची वेळ, पाण्याची उंची आणि एखादी ओळ. आठ वर्षांत एक दिवस चुकला नाही. शेवटची नोंद १ फेब्रुवारीची.

त्याच्या लेखी भरती म्हणजे पाण्याची. बाकी महाराष्ट्राच्या लेखी भरती म्हणजे नोकरीची. त्यामुळे खाडीवाल्यांपेक्षा नोकरीवालेच जास्त यायचे. प्रश्नोत्तरांचं पान आज पहिल्यांदा सावकाश वाचलं.

सर, पुढची भरती कधी आहे? उत्तर: आज दुपारी १.१० आणि रात्री १.३५.

उंची किती लागते? उत्तर: पौर्णिमेला साडेचार मीटर.

वयाची अट? उत्तर: नाही.

भरती रद्द झाली असं ऐकतो, खरं आहे का? उत्तर: अजूनपर्यंत तरी कधी झालेली नाही.

सर, माझे दोन्ही प्रयत्न वाया गेले. उत्तर: दिवसातून दोनदा येते. खचू नये.

दादा मला कधी चेष्टेखोर वाटला नव्हता. यातलं किती तो गंभीरपणे लिहीत होता ते सांगता येत नाही.

आणखी एक पान रोह्याचं आहे. ते का केलं कळत नाही. रोह्याला मिठागर नाही, आणि कुंडलिका नदीत भरतीचं पाणी पुलापर्यंत येतं न येतं. मी संध्याकाळी अष्टमी गावातल्या आमच्या घरून पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जाते म्हणून मला ठीक, बाकी कोणाला त्याचं काय? 'आज सहा वाजता पाणी पुलाखाली थबकेल. बघण्यासारखं.' असलं काहीतरी. खाली वाचकांचा आकडा आहे, तो कायम १ दाखवतो. बिघडला असावा. दादाला सांगायचं राहून गेलं.

१७ मार्च

नाव देणाऱ्या कंपनीच्या मदत-खिडकीत लिहून पाहिलं. पलीकडे ऋतुजा नावाची मुलगी होती. माणूस आहे का मशीन, ते मी आधी विचारून घेतलं. माणूस होती.

मी लिहिलं, हे नाव माझ्या भावाचं आहे, तो वारला, मी सख्खी बहीण, मला ते पुढे चालवायचं आहे.

तिने लिहिलं, "मॅडम, हे नाव व्यक्तीचं नाही. संस्थेचं आहे."

"कोणत्या संस्थेचं?"

"घरचंच."

मला आधी वाटलं ती माझ्याशी सलगीने बोलतेय. मग उलगडा झाला. फॉर्मात 'संस्था' असा एक रकाना असतो. संस्था कसली, घरचंच आहे, म्हणून दादाने तिथे 'घरचंच' असं लिहिलं. पण त्या रकान्यात काही लिहिलं की नाव त्या संस्थेचं होतं, आणि माणूस नुसता संपर्कापुरता उरतो. आता बदल करायचा तर संस्थेच्या लेटरहेडवर शिक्का आणि पदाधिकाऱ्याची सही हवी.

"अशी संस्था नाही," मी लिहिलं.

"नसलेल्या संस्थेचं नाव तुम्हाला देता येणार नाही, मॅडम."

"मग ते आता कोणाचं आहे?"

बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली. मग उत्तर आलं, "संस्थेचं."

प्रयोगशाळेत आमचा नियम होता, बाटलीवर लेबल नसेल तर बाटली मोरीत ओतायची. इथे लेबल आहे, आतलं गेलं आहे.

यांना सांगितलं. आमचे हे, गणेश, एस.टी.त कंडक्टर होते. रोहा डेपोत सगळी नोकरी झाली. पोट धरून हसले. म्हणाले, "आठ वर्षं मी एका संस्थेचा मेव्हणा होतो आणि मला कोणी साधा पास दिला नाही."

२२ मार्च

यांनी बाजारातून शिक्का करून आणला. गोल, मध्ये होडी. 'घरचंच, मु. पो. अष्टमी-रोहा. स्थापना १९५७.' १९५७ हे दादाचं जन्मसाल.

मी म्हटलं, हे खोटं आहे.

"खोटं काय? घर आहे. आपण आहोत. घे, अध्यक्षा तू, सचिव मी."

"दादाने संस्था काढली नव्हती."

"अगं, पण कंपनीला तसं वाटतंय ना? तिकीट मागितलं तर तिकीट द्यायचं. प्रवासी कोण, कशाला विचारत बसायचं?"

मी शिक्का वापरणार नाही असं सांगितलं. यांना वाईट वाटलं. दुपारी पेपरवर, पंचांगावर आणि लोणच्याच्या बरणीच्या कागदावर उमटवत बसले होते. रात्री जेवताना पाहिलं, माझ्या गोळ्यांच्या पाकिटावरही घरचंच.

खरं सांगायचं तर क्षणभर मोह झाला होता. सहीपुरतं खोटं. पण मग ते नाव त्या खोट्याच्या आधाराने राहिलं असतं, आणि दादाने आठ वर्षं रोजच्या नोंदीत न पाहिलेली एकही वेळ लिहिली नव्हती.

२९ मार्च, अमावस्या

गडबला गेले. नागोठण्यावरून पेणच्या एस.टी.ने. दादाचं घर झाडलं. त्याची छत्री घेतली नाही, तिथेच ठेवली. मग बांधावर गेले.

तिथे येसू भेटली. खाडीकाठच्या वाडीवरची, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडते. दादाची ओळखीची. मला पाहून टोपली खाली ठेवली.

"तू भरतीवाल्याची बहीण ना, बाय? तोंड तसंच हाय. तो बी काय बोलायचा नाय."

मी म्हटलं, तुम्ही वेबसाइट बघायचात?

"मी कुठची वाचतंय? सोमा वाचायचा, माजा जावई. येल मोबाइलात आली का आमी चिखलात उतरायचं. आता अंदाजानं उतरतो. परवा सोमानं सरकारी येल बघितली. पाणी आलंच नाय, मंग हा पुढं पुढं गेला, आन मंग आलं. दोन तास खांबावर बसला व्हता, बगळ्यावानी."

ती हसली. मला हसू आलं नाही. सरकारी तक्त्यात वेळ असते ती बंदराची. तिथून पाणी खाडीत शिरून आमच्या बांधाशी पोचेपर्यंत पाऊण तास जातो, वारा असेल तर जास्त. दादाच्या आणि तक्त्याच्या वेळा मी रात्री समोरासमोर मांडून पाहिल्या. कोणतेही दोन दिवस सारखे नाहीत. म्हणजे हिशेबाने काढता येत नाही. कोणीतरी तिथे उभं राहावं लागतं.

निघताना येसूने विचारलं, "आता कोन सांगंल?" मी बघते म्हटलं. बघते म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

६ एप्रिल

धनेश स्वतः घरी आले. चांगला माणूस आहे, हे लिहायला जड जातं. अकॅडमीचं कॅलेंडर दिलं, प्रत्येक महिन्यावर त्यांचाच फोटो, कपडे वेगळे. यांनी चहा केला.

"मॅडम, माझं भांडण नाही. पण माझ्या पोरांची फसगत होते. मागच्या वर्षी माझा एक पोरगा, लातूरकडचा, सगळी कागदपत्रं फाईलला लावून गडबला आला. बांधावर येऊन विचारतो, रांग कुठे लागलीय."

"मग?"

"मग काय, तुमच्या भावाने त्याला जेवू घातलं, भरती दाखवली आणि गाडीत बसवून दिलं. पोरगा अजून सांगतो, सर, भरती पाहिली मी."

हे इतके हसले की चहा सांडला. धनेशही हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, नावांचे नियम करणारी जी समिती आहे, तिची सव्वीस एप्रिलला ऑनलाइन सभा आहे. कोणीही यावं, बोलावं. भारतीय भाषांतले सर्वसाधारण शब्द नोंदणीकृत संस्थांनाच मिळावेत असं ते तिथे मांडणार.

"तुम्हीही या. पण एक सांगतो, रागावू नका. त्या समितीत कंपन्यांना जागा आहे, संस्थांना आहे, सरकारला आहे, तांत्रिक लोकांना आहे. घरी बसून एखाद्याने नाव घेतलं, त्याला जागा नाही. तुम्ही बसणार कुठे?"

हे म्हणाले, "दरवाजात उभी राहील. एस.टी.त तेच करतात."

१९ एप्रिल

सभेचा फॉर्म भरला. 'आपण कोणाचे प्रतिनिधी?' खाली पर्याय: व्यापारी, संस्था, शासन, तांत्रिक, इतर. मी इतर निवडलं.

संध्याकाळी समितीचे सुजय म्हणून गृहस्थ आहेत, त्यांचा फोन आला. तेच सभा चालवणार. नम्र बोलतात.

"मॅडम, इतर म्हणजे नक्की कोण?"

"माझा भाऊ."

"ते सभेला येतील का?"

"नाही. ते वारले."

"अरेरे. मग तुमच्याकडे नाव आहे का एखादं? म्हणजे तुम्ही नावधारक आहात?"

"नाही. नाव संस्थेकडे आहे."

"मग संस्थेचे कोणी?"

"संस्था नाही."

त्यांनी पलीकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला इतरमध्येच ठेवतो." आणि दोन मिनिटं बोलायला दिली. मी आयुष्यात कधी सभेत बोलले नाही. निरोप समारंभाला बोलायला उठवलं होतं, तेव्हा आभारी आहे एवढं म्हणून बसले होते.

२१ एप्रिल

भाषण लिहिलं. यांना वाचून दाखवलं. म्हणाले, आठ सेकंद झाली.

२६ एप्रिल, शनिवार

सभा झाली. आजच लिहिलेलं बरं.

स्क्रीनवर पुष्कळ चौकोन होते. इतरमध्ये आम्ही सहा जण. बाकीच्या पाचांचे माइक बंद, एक जेवत होता.

धनेश चांगलं बोलले. मला पटत होतं, हीच अडचण. ते म्हणाले, माणूस मरतो, फोन बंद होतो, मेल कोणी वाचत नाही. संस्था राहते. लाखो मुलं हा शब्द शोधतात. मग त्यांनी दादाची वेबसाइट सगळ्यांना दाखवली. आमचा बांध त्या सगळ्या चौकोनांसमोर. मग रोह्याचं पान उघडलं.

"खालचा आकडा पाहा. वाचक एक. जानेवारीची पानं पाहा. एक, एक, एक. आता गंमत पाहा. दोन फेब्रुवारीपासून इथे नवीन काही नाही, तरी रोजचा आकडा एक. एका माणसासाठी हे नाव अडवून ठेवायचं का?"

आकडा बिघडलेला नव्हता.

मी रोज पुलावर जाताना ते पान बघायचे. सवयीने. फेब्रुवारीनंतरही बघतच राहिले. त्यात नवीन काही नसतं हे माहीत असूनही बघत होते, ते मी या वहीत लिहिलेलं नाही. पानाखाली दिसणारा तो आकडा दादालाही दिसत असणार, हे आठ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सुजयनी माझं नाव घेतलं. मी लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, तो एक मी आहे.

कोणी हललं नाही.

सुजय म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज बंद आहे."

यांनी मागून हात घालून बटण दाबलं. मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

पुढचं जसं आठवतं तसं. मी म्हटलं, मी प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं होते. उपकरणावर वाचन एकच आलं म्हणून कोणी खोडत नाही, लिहून ठेवतात. मग बांधाचं सांगितलं, बंदराची वेळ आमच्या उपयोगाची नाही, सोमा खांबावर बसला होता तेही. म्हटलं, बंदराची वेळ द्यायला सरकार आहे. आमच्या बांधाची वेळ द्यायला संस्था नाही, कंपनी नाही. तिथे एक माणूस उभा होता. त्याला तुमच्या फॉर्मात रकाना मिळाला नाही म्हणून त्याने 'घरचंच' लिहिलं. तो संस्था नव्हता. तो माझा भाऊ होता, आणि त्याचं नाव कमळाकर.

सव्वा मिनिट झालं होतं. मी थांबले.

धनेश म्हणाले, "पण मॅडम, माझ्या पोरांचं काय?"

हा प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "वर मोठ्या अक्षरात लिहीन. ही पाण्याची भरती आहे. नोकरीची हवी असेल तर पनवेलला धनेश सरांकडे जा. रांग तिथे लागते."

चौकोनांमध्ये पुष्कळ जण हसले. धनेश आधी नाही, मग तेही. जेवणारा माणूस माइक चालू करून म्हणाला, "मी पण इतर आहे. माझं पण असंच आहे." आणि परत बंद केला.

हे म्हणाले, "बोललीस की." मी भांडी घासायला गेले.

२ मे

कंपनीकडून काही नाही. आठ दिवस उरले. ऋतुजाला विचारलं. ती म्हणाली, वरून कळेल.

येसूचा निरोप सोमाच्या फोनवरून: सांगायचं कवा सुरू करते?

८ मे

कळलं. समितीचं पत्र कंपनीला गेलं आणि त्याची प्रत मला. भाषा सरकारी आहे. 'घरचंच ही संस्था अस्तित्वात नसून नावधारकाने सदर रकान्यात अनवधानाने केलेला खुलासा होय,' असं त्यात आहे. त्यामुळे नाव आधीपासून व्यक्तीचंच धरलं जाईल आणि वारस म्हणून माझ्याकडे येईल. मुदत वाढवून झाली. दोन दिवस आधी.

समितीत व्यक्तींसाठी वेगळी जागा करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, विचार चालू आहे. तोपर्यंत फॉर्मात 'व्यक्ती' असा एक पर्याय वाढवला आहे. सुजयनी फोन करून विचारलं, सहा महिने व्यक्तींच्या वतीने समितीच्या सभांना तुम्ही याल का. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. ते म्हणाले, "तरी बाकीच्यांपेक्षा पाऊण मिनिट कमी घेतलंत." येते म्हटलं. का म्हटलं ते कळत नाही.

धनेशचाही फोन आला. त्यांनी दुसरं नाव घेतलं, लांबलचक. ते म्हणाले, "तुमच्या पाटीवर माझा नंबर नीट टाका. मागचा पोरगा गडबला गेला तसा आता मासे पकडायला आलेला माणूस माझ्याकडे नको."

यांनी पत्र दोनदा वाचलं. "अस्तित्वात नसून," म्हणाले. "सचिवाला निदान विचारायचं तरी." शिक्का कपाटात ठेवला.

१२ मे, पौर्णिमा

पहिली नोंद करायची म्हणून सकाळीच गडबला आले. रोज येणं होणार नाही. आठवड्यातून तीन दिवस मी, बाकी दिवशी सोमा बांधावरून वेळ सांगणार आणि मी अष्टमीहून लिहिणार असं ठरलं आहे. आज मात्र मीच.

तक्त्यात बंदराची भरती बाराच्या सुमाराला. साडेबाराला मी बांधावर, हातात घड्याळ आणि फोन. पाणी चढत होतं. पण भरती पूर्ण झाली हे नक्की कोणत्या क्षणी म्हणायचं? प्रयोगशाळेत रंग बदलायचा, थेंब मोजता यायचा. इथे पाणी आहे आणि पाणीच आहे. दादाने हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला वाटलं झालं, मी फोन काढला.

"थांब गो," येसू म्हणाली. "अजून नाय."

तिने गवताची काडी तोडून पाण्यात टाकली. काडी आत, गावाकडे जात राहिली. आम्ही तिच्याबरोबर बांधावरून चार पावलं गेलो. मग ती सावकाश झाली. मग थांबली. ना आत, ना बाहेर. वारा नव्हता. बांधातल्या उघडीच्या, पाणी सोडायच्या दाराच्या, पलीकडे बगळे होते, तेही थांबल्यासारखे.

किती वेळ गेला माहीत नाही. मी बघत राहिले.

येसूने मला कोपराने ढोसलं.

"लिव आता, बाय. नायतर ओहोटी लागंल."

१२.४६. लिहिलं.